बाहेरचा जावई

— मेला नाही रे तो, डोळे तसेच येतात त्यांचे बाहेर. खोलातनं एकदम वर ओढला ना, की पोट तोंडाशी येतं बिचाऱ्याचं. लाल माशाचं हे असंच. टाक बाहेर बर्फावर, बघता बघता लाकूड होईल त्याचं — आणि दार लाव पटकन, चूल काय फुकट जळतेय? हां. आता बस. त्या बादलीवर नको, उलटते ती, रेजाँ दर हिवाळ्यात एकदा तरी पडतो तिच्यावरनं आणि दर हिवाळ्यात म्हणतो, नवी आणतो. बाकावर बस. आणि हे मादाम-मादाम काय लावलंयस सकाळपासून? ओडील म्हण. काल भर जेवणात सगळ्यांसमोर सांगितलंस, माझ्या लेकीच्या पोटात तुझं बाळ आहे म्हणून, रेजाँच्या घशात बटाटा अडकला, माझी बहीण रडली, मी रडले — आणि आज पुन्हा मादाम! नातवाच्या बापानं मादाम म्हणायचं म्हणजे मी काय बँकेत बसलेय का?

बर्फातल्या भोकात सोडलीयस ती दोरी सैल धर. अशी. बोटावर. मासा लागला की कळतं, घाई करायची नाही. आणि त्या दोघांची वाट बघू नकोस, मिलेन किनाऱ्यावर नुसती पाव आणायला गेली असं कधी झालेलं नाही, मावशीकडे डोकावणार, तिच्याकडे कॉफी घेणार, पोट दाखवणार. आणि तिचा बाप, रेजाँ, लाकडं भरतो म्हणून गेलाय, म्हणजे प्रत्येक खोपटाशी बर्फगाडी थांबवून 'मी आजोबा होणार' करत येईल. या अख्ख्या खाडीवर बर्फ धरला की एवढी खोपटी उभी राहतात, आणि सगळी ओळखीची. तेव्हा आहोत आपण दोघंच. बरं झालं. मलाही तुला जरा एकट्याला बघायचंच होतं.

ती होय? ती खिडकी? सगळे विचारतात. सुताराला उंची चुकली का, म्हणतात. चुकली नाही. रेजाँनं मुद्दाम कापली तिथं, जमिनीपासून एवढीशी वर. जेरेमीसाठी. तो इथं खाली गादीवर पडून असायचा, त्याला उभं राहता येत नव्हतं, बसला तरी मान — तर त्याला बाहेरचं दिसावं म्हणून. कुत्री जायची, पोरं स्केटिंग करायची, त्याला सगळ्यांचे फक्त पाय दिसायचे. खूश असायचा. पायांवरनं ओळखायचा माणसं, खरं सांगते.

मिलेननं सांगितलंय ना, भाऊ होता म्हणून? हृदय म्हणाली? हो, हृदयच. शेवटी हृदयच थांबलं, खोटं नाही बोलली ती. पण हृदयापर्यंत यायला — जाऊ दे. नाही, जाऊ दे कशाला, तू घरचाच आता. आणि तुला सांगायला मला भीती नाही वाटत. का माहितीय? तू बाहेरचा आहेस म्हणून. हसू नकोस, थोरवी आहे ती तुझी! आमच्याकडे दारात नवं पोरगं आलं की नाव नंतर विचारतात, आधी विचारतात — कोणाचा रे तू? म्हणजे बाप कोण, आजा कोण, आई कुठल्या घरची. सगळेच विचारतात, प्रेमानं विचारतात, कारण विचारत विचारत गेलं की दोघांचा कुणीतरी चुलत आजोबा निघतोच आणि मग बिअर निघते. मी मात्र जेरेमीनंतर प्रेमानं नाही विचारलं कधी. मिलेन कॉलेजात होती तेव्हा एक पोरगा आला होता, मोठा गोड, दाराशी बूट काढून ठेवणारा — मी त्याला आजी विचारली, पणजी विचारली, तिची आई विचारली, त्याचं सूप गार झालं. पुन्हा आला नाही तो. मिलेन आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. पण मी तिला तोंडावर सांगितलं होतं, बाई, चिनी कर, आफ्रिकेतला कर, पाद्र्याला पळवून आण, मी लग्नात नाचते — पण इथला नको. आणि मग तिनं फोन केला, आई, शेरब्रूकचा आहे, पार दक्षिणेकडचा, आईकडून बापाकडून सगळे तिकडचेच, आडनाव तू ऐकलेलंसुद्धा नसशील. मी फोन ठेवला आणि चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. मी! मी चर्चला जात नाही हे विचार कुणालाही.

का म्हणजे? इथला का नको? अरे — कसं सांगू. आमचे सगळ्यांचे पूर्वज मूठभर. शार्लव्वातनं आले, डोंगरापलीकडनं, बोटींत बसून, थोडीशी घरं, आणि मग त्यांचीच पोरं एकमेकांत. त्यांच्याबरोबर सामान आलं तसा कुणाबरोबर तरी जेरेमीचा हा बिघाडही आला. कुणाला दिसला नाही, कारण नुसता एकाकडनं आला तर काही करत नाही तो. थांब, मला नीट सांगता येतं ते. मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात होते ना इतकी वर्षं, तर क्वेबेक शहरातल्या जेरेमीच्या डॉक्टरीणबाईनं मला विचारलं, तुम्ही काम काय करता, आणि माझ्याच कामावरनं समजावलं. कोवळी पोर होती.

असं बघ. तुझ्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एक धुलाईघर आहे असं धर. एका खोलीत प्रथिनं तयार होतात. तिथंच त्यांना घडी घालतात — हो, खरंच घडी घालतात, तोच शब्द वापरतात डॉक्टर लोक, वेडीवाकडी घडी झाली तर पुढं जाऊच देत नाहीत. मग ती पिशव्यांतनं पुढच्या खोलीत जातात. त्या खोलीला कुणा इटालियनाचं नाव आहे, गॉल्जी. तिथं निवड होते. हे इकडं, ते तिकडं, हे बाहेर पाठवायचं. आमच्याकडे कसं, चादरींच्या गठ्ठ्याला चिठ्ठी बांधायची — हा गठ्ठा बाळंतिणींकडे, हा शस्त्रक्रियेला. आणि चिठ्ठी नसलेला गठ्ठा? तो सरळ मागच्या दाराला, ट्रकमध्ये, बाहेर. तसंच तिथं. काही प्रथिनं असतात ती पेशीतला कचरा खाणारी, सफाईवाली. त्यांच्यावर साखरेची शेपटी असते, त्या साखरेवर एक खूण मारायची, की यांना कचऱ्याच्या खोलीत पाठवा. बस, एवढंच. एक खूण. ती मारणारं यंत्र जेरेमीकडे नव्हतं. बाकी सगळं होतं! सफाईवाली प्रथिनं होती, घडी नीट होती, कामाला तयार होती — चिठ्ठी नाही म्हणून सगळी मागच्या दारानं बाहेर. आणि आत कचरा साठत चाललाय. हाडांत, हिरड्यांत, बोटांत, छातीत. त्याच्या कातडीचा एक कण घेऊन मला सूक्ष्मदर्शकात दाखवला त्यांनी. प्रत्येक पेशी म्हणजे पोत्यांनी ठासलेली कोठी, पाय ठेवायला जागा नाही. माझ्या लेकराच्या कातडीची.

घे, तुझी बिअर तशीच राहिली. नाही? नको?

आणि ऐक, मी किती मूर्ख ते ऐक. आधी त्यांनी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईनं आधी सांगून ठेवलेलं, की सफाईच्या प्रथिनांचा काहीतरी घोटाळा दिसतोय. मी समजले, कमी असणार. रात्रंदिवस तेच डोक्यात — कमी आहेत, कमी आहेत, कुठून आणू. आणि कागद आला, तर त्यात जास्त! निरोगी पोराच्या कितीतरी पट जास्त. रक्त नुसतं भरलेलं. मी त्या बाईला मिठी मारली, सिमों. मुके घेतले तिचे. रेजाँला म्हटलं, अरे पुष्कळ आहेत त्याच्याकडे, भरपूर आहेत! खाली जाऊन बटाट्याचे तळलेले काप घेतले आम्ही, वर चीज, वर गरम रस्सा, जेरेमीच्या मुठीत एक काप दिला, त्यानं तो चोखला, मिलेन नाचत होती टेबलाभोवती. त्या बाईनं जेवू दिलं आम्हाला. मग वर बोलावलं आणि म्हणाली, मादाम, ती रक्तात एवढी आहेत, कारण ती घरात राहिलेली नाहीत. रक्तात त्यांचं काही काम नसतं. हॉस्पिटलच्या अंगणात जसा स्वच्छ चादरींचा ढीग पडावा आणि वर वॉर्डात माणसं घाणीत पडलेली असावीत. मी म्हटलं, मग उचला ना त्या! आत न्या! लावा चिठ्ठ्या! म्हणाली, आम्हाला अजून येत नाही. आजही येत नाही. मी विचारते अधूनमधून फोन करून. अजून नाही म्हणतात.

चार वर्षांचा झाला तेव्हा वर्षाच्या पोराचे कपडे व्हायचे त्याला. बोटं अशी आकड्यासारखी वळलेली. श्वास घेताना लाकूड कापल्यासारखा आवाज यायचा, आणि आम्हाला त्याची इतकी सवय झालेली की तो गेल्यावर घरात झोप येईना कुणाला. मिलेनला तर मुळीच. ती त्याच्याच खोलीत झोपायची ना, लहान होती, पण नळीनं त्याच्या नाकातला शेंबूड ओढायला माझ्याआधी उठायची. एकदा नर्सबाई म्हणाली, किती सोसलंस गं पोरी. तर ही म्हणते, काय सोसलं? माझा भाऊ आहे तो.

असू दे, डोळे पूस, धूर आहे चुलीचा. चांगला आहेस तू. म्हणूनच सांगते, मनाला काही लावून घेऊ नकोस. प्रत्येकाकडे तसली दोन यंत्रं असतात, एक आईकडचं, एक बापाकडचं, आणि एक चालू असलं तरी भागतं. माझं एक बिघडलेलं, रेजाँचं एक बिघडलेलं, आणि जेरेमीच्या वाट्याला नेमकी दोन्ही बिघडलेली आली. मिलेनकडे एकच तसलं आहे, म्हणून ती ठणठणीत. तुझी दोन्ही धड, तेव्हा —

काय? सांगितलं नाही तिनं? तिच्याकडे एक आहे हे? तपासलंय रे तिनं, अठरा पूर्ण झाली तेव्हाच तपासून घेतलंय. मला वाटलं सांगितलं असेल. जिभेला हाड नसतं हेच खरं. तिला म्हणू नकोस हां मी सांगितलं म्हणून. पण त्यात सांगण्यासारखं तरी काय आहे, तिच्या एकटीकडे असून काही होत नाही, दोघांकडे लागतं, आणि तू कुठला? शेरब्रूकचा! झालं तर. सूप घे. थांब, मीच वाढते, तुला पातेल्याचं झाकण सापडायचं नाही. रंगावर जाऊ नकोस, गुर्गानचे दाणे शिजले की पाणी असंच मातकट होतं, बाहेरच्यांना बघूनच नको वाटतं. रेजाँचा साहेब आला होता मोंत्रेयालहून, चमच्यानं नुसतं ढवळत बसला होता. जाड्या शेंगेचे दाणे आहेत, त्यात जव, खारवलेलं डुक्कर आणि खारवलेला पाला, बाकी काही नाही. चाखून बघ, नाही आवडलं तर माशाला टाक.

आवडलं? अरे वा. घे, अजून घे. पाव येईल आता.

काय म्हणालास?

कोणाच्या हातचं? तुझ्या आजीच्या?

थट्टा करतोस माझी. शेरब्रूकमध्ये कोण करतंय गुर्गान? तिकडे पिकत नाही ते, दुकानात मिळत नाही, आमचे लोक तिकडे राहायला गेले तर इथून पोती भरून नेतात. दुसरं कसलं तरी असेल, वाटाण्याचं असेल, पिवळ्या वाटाण्याचं सगळीकडे — गुर्गानच? नाव तेच घ्यायची? आणि खारवलेला पाला घालायची. बरणीत. उन्हाळ्यात स्वतः भरायची.

ही आजी आईची आई ना. मिलेन म्हणाली सगळे तिकडचेच. जन्मली कुठं ती? लग्न होऊन शेरब्रूकला गेली, बरोबर, लग्न होऊनच जातात, पण त्याच्याआधी? माहेर? आठव ना. समुद्र होता म्हणायची? मोठी नदी? उतारावरची शेतं, नदीपर्यंत उतरत गेलेली, आणि —

हां.

सेंत-इरेने. हो. ऐकलंय. शार्लव्वातच आहे ते. माझी पणजी तिथली.

नाही, आडनाव नको सांगूस. नको म्हणते ना. सांगून काय करू मी? ऐकलं की मला सगळे दिसायला लागतील, कोण कुणाचा, कोण कुणाला दिली, आणि मला नकोय ते. तू खा. गार होईल. अरे, त्यातनं काही होतंच असं नाही. तिथल्या सगळ्यांकडे थोडंच असतं! बहुतेकांकडे नसतं. आजीकडे असलं तरी तुझ्या आईकडे आलं असेलच असं नाही, तिच्याकडे आलं तरी तुझ्याकडे — आणि तुझ्याकडे असलं तरी पोरात दोन्हीच्या दोन्ही बिघडलेली यायची म्हणजे चारात एकदा. मी मोजलंय हे सगळं, झोप नाही आली की मोजते, त्या चारातल्या एकावर येऊन दर वेळी थांबते, कारण माझा तो एक होता. तेव्हा मला नको विचारूस किती शक्यता. रक्त द्यायचं दवाखान्यात, थोडे दिवस थांबायचं, कळतं. सोपं आहे. मिलेनला सांगू आपण की सहज, खबरदारी म्हणून, आजीचं तिला काही माहीत नव्हतं बिचारीला, माहीत असतं तर तिनं पहिल्यांदा —

ती भेटलीय आजीला?

कधी?

नाताळात. हो, नाताळात तुमच्याकडेच होती ती. मला रात्री फोन केला होता. मी विचारलं, काय जेवलात, तर म्हणाली टर्की होती आई, कोरडी होती जरा. मी म्हटलं, आणि? म्हणाली, आणि काही नाही. मग मी म्हटलं, त्यांच्याकडे सगळी माणसं कशी आहेत, तर म्हणाली, बाहेरची आहेत आई, वेगळी आहेत, तुला आवडतील.

सूप होतं का त्या दिवशी?

आजीनं स्वतः वाढलं. आणि हिनं खाल्लं? दोनदा घेतलं. रडली? का रडली म्हणाली? — गरम होतं म्हणाली.

सिमों, माझी मुलगी गुर्गानच्या सुपावर वाढलीय. डोळे बांधून दिलं तरी ती सांगेल कुणाच्या घरचं. पहिल्या चमच्याला कळलं असणार तिला. तेव्हा ती — नाताळात — पोटुशी नसेल अजून. किंवा असेल, नुकतीच. मोजू नकोस, मीही मोजत नाही. तिला माहीत होतं. तुला सांगितलं नाही आणि मला सांगितलं बाहेरचा.

बस खाली. बस ना रे, असा उभा नको राहूस, खोपटात जागा नाही उभं राहायला. तिनं फसवलं नाही तुला. म्हणजे — फसवलं, हो, काय म्हणू दुसरं. पण ती तसली नाही. मला माहितीय तिनं का केलं. तिचं ते रक्त तपासून आलं होतं ना, अठराव्या वर्षी, तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईनं तिला समजावलं, की पुढं जोडीदार तसलाच निघाला तर बाळ पोटात असतानाच तपासून बघता येतं, मग निर्णय घेता येतो. चांगल्या मनानं सांगितलं त्या बाईनं. तर आम्ही घरी आलो. आणि दारात मला म्हणाली, आई, ती विचारत होती की जेरेमी नसता तर बरं झालं असतं का. मी म्हटलं नाही गं, असं कुठं म्हणाली ती. म्हणाली, तेच म्हणाली. मी कधीच बघणार नाही, म्हणाली, येईल ते येईल. त्याच्यापाशी कसं झोपायचं ते मला येतं.

आणि मी तिचा कोट खुंटीला लावला. तिला येतं, खरंच येतं. पण बघणं कसलं असतं ते तिला माहीत नाही — बहिणीनं बघणं वेगळं आणि आईनं बघणं वेगळं. ती शाळेत जायची, तिला मैत्रिणी होत्या. मी त्याची बोटं रोज सरळ करायची आणि रोज सकाळी ती जास्त वळलेली असायची. मला विचारशील, ओडील, तुला आधी कळलं असतं तर? मी रोज विचारते स्वतःला. रोज वेगळं उत्तर येतं. त्याच्या वाढदिवसाला एक येतं, आणि तो ज्या रात्री गेला त्या रात्रीचं आठवलं की दुसरं. मला तू काही विचारू नकोस. मी तुझ्या बाजूनं बोलले तर तिच्या भावाच्या विरुद्ध, तिच्या बाजूनं बोलले तर त्या पोटातल्याच्या — मला नाही कळत, बाळा. इतकी वर्षं मी सगळ्यांना आजी-पणजी विचारत बसले आणि ज्याला विचारायचं त्यालाच नाही विचारलं. तू बाहेरचा आहेस ऐकलं आणि इतकी खूश झाले मी, की पुढं एक प्रश्न विचारला नाही. इतकी खूश.

काय करायचं? मला काय विचारतोस? तुला काय वाटतं? भीती वाटते ना. वाटू दे. तुझंही मूल आहे, तुला जाणून घ्यायचा हक्क आहे, यात तिचं काही चालत नाही — नाही, तिचंही आहे, तिच्या पोटात आहे. अरे देवा. तू तिच्याशी न बोलता रक्त देऊन ये, काही नसलं तर कुणाला काही कळायचंही नाही, असं म्हणणार होते मी आत्ता. पण मग तूही लपवशील आणि तीही लपवतेय, आणि मी मध्ये बसून दोघांना सूप वाढेन. नाही जमायचं मला ते.

ऐकतोयस का? ती गाडी आपलीच. रेजाँ एकच शिटी वाजवतो किनाऱ्यावरनं वळला की. दोघं असणार.

कोट घालतोस? बरं. घाल. नाही, थांब, मी सांगते तिला, मी आई आहे, मीच — नाही. माझ्याच्यानं व्हायचं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघेल आणि मला तिला सांगावं लागेल की मला जेरेमी हवा होता, आणि ते खरं आहे, आणि मग मी पुढं काय म्हणणार? जा तू. इथं आत नको विचारूस, माझ्यादेखत नको. रेजाँला म्हणावं, ओडील हाक मारतेय, लगेच बोलावलंय, म्हणजे तो इकडे येईल. त्याला मी बघून घेते.

टोपी घाल. कान झाक. आणि ओरडू नकोस तिच्यावर, एवढं कर. गाडीवर उभ्या उभ्या नको विचारूस. तिला आधी कुठंतरी बसू दे. जा.